सात वीसचे बदल

माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं, की फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझला का, याचीही खात्री करून घेणाऱ्यांतली मी आहे. बोलू दे त्याला. त्याच संशयावर माझी रोजीरोटी चालते. वीस वर्षांपूर्वी जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेली सॉफ्टवेअर मोठमोठ्या संस्थांत आजही रोज चालू असतात, आणि ती ज्या फ्रेमवर्कवर उभी असतात त्याला आता कुणी वाली उरलेला नसतो. फ्रेमवर्क म्हणजे आतला सांगाडा समजा. तो बनवणाऱ्यांनी कधीच हात झटकलेले असतात. मग एक दिवस तपासनीस येतात, सहा महिन्यांत हे बदला म्हणून लिहून देतात, आणि मला फोन येतो. जुन्या सांगाड्यावरचं सगळं उतरवायचं आणि नव्यावर जसंच्या तसं चढवायचं, एवढंच माझं काम.

या खेपेला एका रुग्णालयाची लॅब होती. तपासण्यांचे रिपोर्ट काउंटरवर टाइप व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर आठला डॉक्टरांच्या संगणकावर दिसू लागायचे. मला तळघरातल्या लांबट खोलीत टेबल दिलं. मागे नमुन्यांचे फ्रिज घरघरायचे. समोर काच होती, काचेपलीकडे काउंटर, आणि काउंटरवर दोन ऑपरेटर बायका. माझ्याच खोलीच्या कोपऱ्यात, येणारा-जाणारा दिसेल असं टेबल फिरवून, काका बसायचे.

काका लॅबचे कॉम्प्युटर इनचार्ज. मूळचे नमुने तपासणारे तंत्रज्ञ. सॉफ्टवेअर आलं तेव्हा 'तुमचं अक्षर चांगलं आहे' असल्या काहीतरी कारणाने ते त्यांच्या गळ्यात पडलं, ते पडलंच. निवृत्तीला चार महिने राहिले होते. निरोप समारंभासाठी सभागृहसुद्धा ठरलं होतं. सगळे त्यांना काका म्हणत, मॅनेजरबाईसुद्धा, ज्या त्यांच्याहून फार तर पाच वर्षांनी लहान असतील.

हा माणूस मला पहिल्या दिवसापासून पटला नाही. मी मूळ कोड मागितला, तर म्हणाले, "नाही."

"नाही म्हणजे? द्यायचा नाही, की नाहीच आहे?"

"कंपनीने दिलाच नव्हता. आता कंपनीही नाही."

एवढं बोलून ते समोरच्या कागदावर पंजा ठेवून बसले. मी निघेपर्यंत पंजा हलला नाही. वर त्या आठवड्यात तीनदा विचारलं, "जुनं कधी बंद करणार?" असे काका मी बरेच पाहिलेत. यंत्रणा आपल्यावाचून चालत नाही याचंच त्यांना सुख असतं, आणि ती आपल्यावाचून चालू नये याची तजवीजही त्यांनी कुठेतरी करून ठेवलेली असते. मूळ कोड नसला तरी चालणाऱ्या फायली उलगडून वाचता येतात. जरा किचकट काम आहे, पण येतं. मी तेच सुरू केलं आणि एक डोळा कोपऱ्यावर ठेवला.

रोज संध्याकाळी सहाला, काउंटर बंद झाला की, मी जुन्या यंत्रणेतल्या सगळ्या नोंदींची प्रत काढून नव्या यंत्रणेत भरत असे. तिसऱ्या आठवड्यात सहज म्हणून कालची प्रत आणि आजची प्रत एकमेकींशी ताडून पाहिली. नव्या नोंदींची भर पडणार हे उघड होतं. पण कालच्या रिपोर्टवरची नावं आज बदललेली होती. एक नाही, तीन. रिपोर्ट तोच, आकडे तेच, वरचं माणूस वेगळं.

आधी मी माझ्यावरच संशय घेतला, तो माझा नियमच आहे. पण आदल्या दिवशी दोन, त्याच्या आदल्या दिवशी एक. सगळे बदल सकाळी सात वीस ते सात चाळीसच्या दरम्यान झालेले, सगळे कोपऱ्यातल्या संगणकावरून, आणि नेहमीच्या पडद्यावरून नव्हे तर मागच्या दाराने, थेट डेटाबेसमध्ये. म्हणजे रिपोर्ट डॉक्टरांना दिसायच्या जेमतेम वीस मिनिटं आधी. मनात पाल चुकचुकली म्हणतात, इथे तर ती अंगावरच पडली.

दुसऱ्या दिवशी मी पावणेसातलाच आले आणि नमुन्यांच्या फ्रिजमागे उभी राहिले. हो, लपून. मला त्याची आज लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती. काका आले. तपासणीच्या मशीनमधून निघालेली लांब यादी त्यांनी टेबलावर पसरली, पट्टी ठेवून एकेक ओळ पुढे सरकवत गेले, मध्येच थांबून टाइप केलं, पुन्हा पट्टी. सात चाळीसला यादी कागद कापायच्या यंत्रात घातली. तिच्या शेवया होऊन खाली पडेपर्यंत ते उभे होते.

मी बाहेर आले. "आज लवकर, काका?"

ते दचकले. चांगलेच दचकले. "झोप लागत नाही हल्ली."

"मलाही," मी म्हटलं. त्यांनी माझ्या मागच्या फ्रिजकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चष्मा पुसायला घेतला.

मी मॅनेजरबाईंकडे गेले. त्या आधी हसल्याच. "काका? अहो, ते डबा उघडायच्या आधी शेजारच्याला विचारतात, वासाचा त्रास नाही ना होणार."

"रिपोर्टवरची नावं बदलतात. रोज."

"कशाला पण?"

"कुणाला नोकरीसाठी चांगला रिपोर्ट लागतो. कुणाला कोर्टात दाखवायला वाईट लागतो. मला काय माहीत? मी फक्त दाखवतेय."

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. संशयाचं एक बरं असतं, त्याला खतपाणी फार लागत नाही. दुपारपर्यंत काउंटरवरच्या बाईला आठवलं, की काकांचा पुतण्या वैद्यकीय तपासणीत पास होऊन कुठेतरी चिकटला होता. दुसरीला आठवलं, की काका सुट्टी घेतच नाहीत. "ताप असला तरी येतात हो. कोण येतं असं?" इतकी वर्षं जे कौतुक होतं तेच आता काळंबेरं दिसायला लागलं, आणि मी मान हलवून त्यात भर घालत होते. गुरुवारी संध्याकाळी मॅनेजरबाईंच्या सहीने काकांचा यंत्रणेतला प्रवेश बंद केला. बटण मी दाबलं.

शुक्रवारी सकाळी साडेसातला ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "माझा पासवर्ड चालत नाहीये."

"बंद केलाय, काका. चौकशी आहे."

मला वाटलं ते भडकतील, नाहीतर गयावया करतील. दोन्हीची तयारी होती. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "चौकशी करा. पण आजचे कुणी बघितले का?"

"आजचे काय?"

ते काही सांगणार होते. मग मॅनेजरबाई आत आल्या, मागे सुरक्षारक्षक, आणि काकांनी तोंड मिटलं. खिशातून किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या, डबा उचलला, आणि गेले. दारात रक्षकाने त्यांची पिशवी तपासली. रोज त्यांना सलाम करणारा माणूस. काउंटरवरच्या दोघी मान खाली घालून टाइप करत राहिल्या.

दहाच्या सुमाराला वॉर्डमधून सिस्टरचा फोन आला. आवाजात हसू मावत नव्हतं. "अहो लॅब, माझ्याकडचे आजोबा त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. तुमच्या रिपोर्टनुसार त्यांना दिवस गेलेत. पेढे कुणी वाटायचे?"

खोलीत हशा पिकला. मीही हसले. खोटं कशाला सांगू? आजोबांच्या नावावर दोन रिपोर्ट होते. एक त्यांच्या साखरेचा, आणि दुसरा गर्भ राहिल्याचा. मग लक्षात आलं. तो दुसरा रिपोर्ट कुण्या बाईचा होता. तिच्या नावावर आता काहीच नव्हतं. आणि वर एक्स-रे विभागात, पानावर गर्भाचं काहीच नसलं तर 'काही अडचण नाही' असं धरतात.

आजोबांच्या नावावरच्या त्या रिपोर्टचा नमुना क्रमांक मी काउंटरवरच्या वहीत शोधला. समोर एका बाईचं नाव होतं, आणि पुढे शेरा, 'एक्स-रेआधीची तपासणी'. एक्स-रे विभागाचा फोन कुणी उचलेना, म्हणून मी धावत सुटले. त्या इमारतीत लिफ्ट कधीच वेळेवर येत नाही, जिन्याने गेले, चपलेचा अंगठा तुटला तशी ती हातात घेऊन. बाई आत होती, पोटाचा एक्स-रे काढायला टेबलावर निजलेली. तंत्रज्ञ काचेमागे बोट बटणावर ठेवून तिला श्वास रोखायला सांगत होता. मी "थांबा" म्हणून ओरडले. असं मी आयुष्यात ओरडले नव्हते. तो चिडला, बाई घाबरून उठून बसली, आणि तिला मी काय सांगावं हेच मला कळेना. "तुमचा रिपोर्ट आलाय," एवढंच म्हणाले.

मी खाली आले. मॅनेजरबाई म्हणाल्या, "बघा! जाताजाता करून गेले."

"त्यांचा प्रवेश कालच बंद झालाय," मी म्हटलं. "हे त्यांनी केलेलं नाही. उलट आज ते नव्हते म्हणून हे झालं."

दोन दिवसांपूर्वी याच्या नेमकं उलट मी मॅनेजरबाईंना पटवलं होतं.

मग मी काच ओलांडून काउंटरच्या बाजूला गेले आणि त्या दोघींच्या मागे स्टूल घेऊन बसले. चार वाजत आले, चहाची वेळ झाली. दोघींनी टाइप करणं थांबवलं आणि एकमेकींकडे पाहिलं. "झालं?" "झालं. चल, एक, दोन..." आणि दोघींनी एकाच क्षणी बटण दाबलं.

"हे काय?" मी विचारलं.

"काही नाही, गंमत." मग थोरली ओशाळून म्हणाली, "जी शेवटी संपवेल तिने फोन सांभाळायचा असा नियम आहे. म्हणून आम्ही एकदमच संपवतो. मग दोघी जातो. जुनी पद्धत आहे, आमच्या आधीपासूनची."

मी तशीच उठले आणि उलगडलेल्या कोडमधला रिपोर्ट जतन करणारा भाग उघडला. तीन आठवडे तो माझ्या डोळ्यांसमोर होता. त्या जुन्या फ्रेमवर्कमध्ये एका प्रकारच्या कामाला एकच कारकून असतो असं समजा. एकाच वेळी दहा जण आले तरी तोच. त्याने प्रत्येकाचं नाव त्याच्या त्याच्या अर्जावरूनच वाचायचं असतं. हे ज्याने लिहिलं, त्याने नाव कारकुनाच्या खिशात ठेवलं होतं. एक जण आला तर काही बिघडत नाही. दोघे एकाच क्षणी आले, की दुसऱ्याचं नाव पहिल्याला ढकलून खिशात बसतं, आणि पहिल्याचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर जातो. एक ओळ चुकीच्या जागी, बस.

आणि मी? मी जसंच्या तसं चढवत होते. नव्या फ्रेमवर्कमध्येही कारकून एकच असतो. कोड आपोआप चढवणाऱ्या माझ्या हत्याराने तो खिसा इमानाने नव्या सदऱ्याला शिवून दिला होता. माझ्या सगळ्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या होत्या, कारण त्या मी एकटीने घेतल्या होत्या, एका वेळी एक. सगळ्या जगावर संशय घेणारी मी, माझ्याच हाताखालून हे सुटलं. स्वतःवरच्या रागातच मी मॅनेजरबाईंकडून काकांचा पत्ता घेतला.

साडेपाचला काकांच्या घरी गेले. तिसरा मजला, दारात कुंड्या. दार काकूंनी उघडलं, साखळी न काढता.

"आता आणखी काय राहिलंय?" त्या म्हणाल्या. "किल्ल्या सकाळीच दिल्या त्यांनी."

"काकू, मला काकांची माफी मागायचीय."

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. हातातली तुटकी चप्पल पाहून असेल, पण साखळी काढली.

काका खिडकीशी बसले होते, ऑफिसचेच कपडे अंगावर. मी सगळं सांगितलं, एक्स-रेचंसुद्धा. ते ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले. "ती बाई ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

"आणि हे... हे यंत्रणेतच आहे? टाइप करण्यात नाही?"

"नाही. टाइप करणाऱ्यांचा काही संबंध नाही. दोघींनी एकदम बटण दाबलं की होतं. कुणीही असो."

"नक्की?"

"दाखवू शकते. ओळ दाखवू शकते."

मला वाटलं सुटकेचा निःश्वास टाकतील. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

"तुम्ही कुणाला सांगितलं का नाहीत, काका? इतकी वर्षं एकटेच यादी ताडत बसलात."

"सांगितलं होतं," ते म्हणाले. "नऊ वर्षांपूर्वी. पहिल्यांदा सापडलं तेव्हा. एका माणसाला दुसऱ्याचा रिपोर्ट गेला, भलतंच औषध सुरू झालं, मोठा गोंधळ झाला. कंपनीने लिहून दिलं, सॉफ्टवेअर असं करूच शकत नाही, टाइप करणारीची चूक. काउंटरवर तेव्हा एक होती. हसरी, कामाला वाघ. ती सांगत राहिली, मी नाही केलं, मी बरोबर टाकलं होतं. कुणी ऐकलं नाही. तिला काढलं. इनचार्ज म्हणून त्या कागदावर सही माझी होती."

काकू आतल्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"ती गेल्यावर आठ दिवसांनी पुन्हा तसंच झालं," काका म्हणाले. "तेव्हा मला कळलं. पण काय कळलं? मी काही प्रोग्रामर नाही. का होतं ते मला कधी कळलंच नाही. पुन्हा वर सांगितलं असतं तर काउंटरवरची पुढची गेली असती. म्हणून मग सकाळी येऊन आपलं आपण... तुम्ही जुनं कधी बंद करणार हे विचारत होतो ना, ते यासाठी. एकदाचं बंद झालं की कुणाची नोकरी जायची भीती नाही."

"आणि तिला? तिला सांगितलंत?"

"काय सांगू? पुरावा कुठे होता?" त्यांनी चष्मा काढला. "तिचं दुकान आहे. झेरॉक्सचं. स्टेशनरी पण ठेवते. मागच्याच रस्त्याला. मी नऊ वर्षं पलीकडच्या फुटपाथवरून जातो."

मी माझा लॅपटॉप उघडला आणि ती ओळ त्यांना दाखवली. त्यांना त्यातलं काही समजत नव्हतं, तरी त्यांनी बोट ठेवून ती दोनदा वाचली.

"उद्या मी सगळं लेखी देणार आहे," मी म्हणाले. "तुमच्यावरचा आळ..."

"माझं राहू दे," ते उठत म्हणाले. "सोमवारी बघू माझं. आत्ता येता? दुकान सातपर्यंत उघडं असतं. मी एकटा सांगायला गेलो तर तिला खरं वाटायचं नाही. तुम्ही ती ओळ दाखवा."

काकूंनी मला त्यांच्या चपला घालायला दिल्या, एक नंबर मोठ्या. आम्ही जिना उतरलो. काका पुढे, मी मागे लॅपटॉप छातीशी धरून. कोपरा वळल्यावर ते सवयीने पलीकडे जायला निघाले, मग थांबले आणि याच बाजूने चालत राहिले.

दुकान लहान होतं. दोन मशीन, वह्यांचे गठ्ठे, टेबलामागे चाळिशीची बाई. ती कुणाच्या तरी प्रती मोजत होती. प्रत्येक पान उलटून मूळ पानाशी ताडून पाहत होती, नाव, तारीख, आकडा, आणि मगच गठ्ठ्यावर ठेवत होती. गिऱ्हाईक कंटाळून उभं होतं. ते गेल्यावर तिने मान वर केली आणि काकांना पाहिलं.

तिच्या हातातलं पान तसंच राहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या गळ्यातल्या रुग्णालयाच्या ओळखपत्राकडे पाहिलं, आणि एक पाऊल मागे सरून मशीनला टेकली.

"ते मी नाही केलं हो," ती म्हणाली. आम्ही अजून तोंडही उघडलं नव्हतं.